दुर्बिणीतलं बिऱ्हाड

एल्होवित्सा,
जुलैचा शेवटचा रविवार

प्रिय आणि सर्व बाजूंनी थोरल्या स्नेझानावन्सं यांना,

डोंगरातल्या भावजयीकडून, म्हणजे नेवेनाकडून, दोन्ही गालांना एकेक पापा आणि गुडघ्यांना वेगळा नमस्कार. गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी रोज संध्याकाळी समुद्रात उभं राहायला सांगितलं होतं ते चालू आहे, की नुसतं किनाऱ्यावरच्या बाकावर बसून आल्यागेल्यांच्या पोहण्याच्या कपड्यांची तपासणी चालू आहे? (रागावू नका. मागच्या उन्हाळ्यात मी तुमच्या शेजारीच बसले होते आणि माझीही तपासणी काही कमी नव्हती.) इकडे आम्ही ठीक आहोत. टोमॅटो धरलेत, आलुबुखाराच्या फांद्यांना टेकू दिलेत, माझा रक्तदाब मी औषधाच्या दुकानात काम करत असूनही माझं ऐकत नाही. तुमच्या भावाची मान जिथे होती तिथेच आहे, म्हणजे मागे. नव्या डॉक्टरीणबाईंनी ती चाचपून पाहिली आणि विचारलं, तुम्ही छतांना रंग देता का? हा म्हणाला, नाही, शाळेत शिकवतो. मग मुलं बसतात कुठे, असं तिने विचारलं नाही, पण तिच्या तोंडावर तो प्रश्न मला स्वच्छ दिसला.

आता कामाचं. करास्तोयानोव साहेबांची भेट कशी झाली हे तुम्ही फोनवर तुमच्या लाचोला विचारलंत आणि त्याने "छान झाली" एवढं म्हणून फोन मला न देता ठेवून दिला, हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं. इतकी खटपट तुम्ही केलीत. तुमच्या शहरातल्या तारांगणाच्या संचालकांना तुमच्याकडे चहाला बोलावलंत, त्यांच्याकडच्या नोकरीला आपला भाऊ कसा हिरा आहे ते त्यांना पटवलंत, तो हिरा बघायला त्यांना एवढा घाट चढून पाठवलंत, तुमच्या घराचा खालचा मजला आमच्यासाठी झाडूनपुसून ठेवलात. आणि उत्तर काय, तर छान झाली. म्हणून मी सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा. गुडघ्यांखाली उशी घ्या.

त्याआधी थोडं मन मोकळं करू द्या. तुम्ही आपल्या या भावाला, लाचेझारला, लहानपणापासून ओळखता, आणि लहान मूल आकाशाकडे टक लावून बघतं तेव्हा सगळ्यांना गोड वाटतं. मी त्याला मोठेपणापासून ओळखते. आमच्या घरासमोर नगरपालिकेने नवा दिवा लावला, सगळी गल्ली खूश झाली. महिन्याभरात दिवा अंधूक झाला. नगरपालिकेचा माणूस आला, शिडी लावून वर चढला आणि खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात माझी लोणच्याची बादली होती, जी मी वसंतापासून शोधत होते. तुमच्या भावाने तारेसाठी तळाशी भोकं पाडून ती दिव्यावर उपडी घातली होती. म्हणे रस्त्याला उजेड मिळतो आणि आकाशाला मिळत नाही. (माणसाने दंड केला नाही. दोघं शिडीच्या खालच्या पायरीवर बसून कशाबद्दल तरी बराच वेळ बोलले, आणि आता त्या माणसाच्या घरासमोरच्या दिव्यालाही बादली आहे असं ऐकते.) अंगणातला बल्ब तर संध्याकाळी लावायचाच नाही, डोळे अंधाराला सरावायला हवेत, म्हणून मी चाचपडत जर्दाळूच्या मुरांब्यात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि ते तुम्ही नाताळात खाल्लंत आणि चवीला वेगळं आहे म्हणालात. याच्याशी भांडणंसुद्धा धड होत नाही हो. भांडण ऐन रंगात येतं, मी अगदी मर्मावर बोट ठेवते, हा हात वर करतो. मला वाटतं आता काहीतरी उत्तर देणार. हा म्हणतो, "थांब. घुबडाची पिल्लं." मग दोघांनी गप्प बसून घुबडाची पिल्लं ऐकायची. त्यानंतर भांडण पुन्हा गरम करायला गेलं तर कालच्या ऑम्लेटसारखं लागतं.

तर शुक्रवारी संध्याकाळी साहेब येणार होते. दर उन्हाळ्यात शुक्रवारी लाचो मानोलआबांच्या मेंढवाड्यावरच्या कुरणात गावातल्यांना आकाश दाखवतो, शहरातून आजी-आजोबांकडे आलेली नातवंडं असतात, त्यांच्या आज्या विणकाम घेऊन येतात (अंधारात विणतात, टाके माझ्यापेक्षा सरळ). साहेबांनी तेच बघायचं, मग आमच्याकडे जेवायचं, असं ठरलं होतं. मी काळा सूट काढला, इस्त्री केली. बटाटे किसून पातातनिक लावला, चीजच्या बानित्साला पदर सुटेपर्यंत लाटलं, मेंढीचं दही मानोलआबांकडून आणलं. सगळं तयार होतं. नव्हती तयार ती फक्त दुर्बीण.

तुम्हाला दुर्बीण आठवतच असेल. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिचा आरसा त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर घासून केला, आणि तो करकर आवाज मला अजून स्वप्नात येतो. नळी गटाराच्या पाइपची आहे. लांबी अशी, की इतकी वर्षं ती झोपायच्या खोलीत पलंगाखाली पाय आणि खिडकीत डोकं घालून राहिली आणि मी तिला वळसा घालून झोपायला जात होते. यंदाच्या वसंतात मी म्हटलं, या खोलीत मी तरी राहीन नाहीतर ही. त्याने थोडा विचार केला (तो थोडासुद्धा करायला नको होता) आणि दुर्बीण मानोलआबांच्या गवताच्या कोठारात माळ्यावर नेऊन आडवी ठेवली. मानोलआबा म्हणजे आमच्या वरच्या अंगाचे शेजारी, मेंढ्या पाळतात, चीज करतात, आणि लाचोला मास्तर म्हणतात ते असं, जसं आपण गावातल्या एखाद्या गोड वेड्याला महाराज म्हणू.

गुरुवारी लाचो दुर्बीण आणायला गेला आणि हात हलवत परत आला. खुर्चीत बसला. तोंडावर असं काही तेज, की मी हातातलं काम खाली ठेवलं.

"दुर्बीण कुठाय?"

"तिथेच. तिच्यात बिऱ्हाड आलंय."

"कुणाचं बिऱ्हाड?"

"थिरथिऱ्याचं. नळीच्या तोंडाशीच घरटं बांधलंय. चार पिल्लं आहेत. शेपट्या आत्तापासून थरथरवतात."

थिरथिरा म्हणजे तो काळपट पक्षी, तांबड्या शेपटीचा, जो आपल्या उंबरठ्यावर बसून शेपूट हलवत राहतो, जणू आपलं काहीतरी देणं राहिलंय. मी म्हटलं, घरटं एका दिवसापुरतं खोक्यात उचलून ठेवू, शनिवारी परत ठेव. तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी एखादं तान्हं मूल टोपलीत घालून चौकात ठेवू या म्हणाले. आईबाप टाकून देतात म्हणे. पाच-सहा दिवसांत उडतील, तोवर दुर्बीण हलणार नाही. मी म्हटलं, अरे, माणूस समुद्राकाठून तुझी दुर्बीण बघायला येतोय. तो म्हणाला, बघेल की. दिसते आहे, फक्त तिच्यातून काही दिसत नाही.

मी तडक मानोलआबांकडे गेले. नळीला झाकण होतं, ते गेलं कुठे? झाकण त्यांच्या चीजच्या पिंपावर होतं, आणि बसलं होतं असं, जसं त्याच्याचसाठी बनवलंय. आबा म्हणाले, "नेवेना, पोरी, आभाळाला झाकण कशाला लागतं? माझ्या चीजला उंदीर लागतात." मी म्हटलं, आबा, उद्या नोकरीचा प्रश्न आहे. त्यावर ते म्हणाले, "नोकरी पक्ष्यांना द्यायची का मास्तरला?" आणि दूध काढायला निघून गेले.

शुक्रवारी दुपारी हा सूट घालून तयार. माझ्या मनात आलं, हा माणूस सूटमध्ये अजूनही बरा दिसतो (हे त्याला सांगू नका, मग काढणार नाही). म्हणाला, जरा वर जाऊन ढग बघून येतो, साहेब यायच्या आत परत. मी म्हटलं, ढग इथूनही दिसतात. म्हणाला, इथून खालची बाजू दिसते. आणि गेला.

साहेब वेळेच्या आधी आले. माणूस सज्जन आहे हो, पण इथे आल्यावर कसा दिसला सांगू? पांढरं लिननचं जाकीट, पातळ तळाचे बूट, केस असे विंचरलेले की प्रत्येक केसाला आपली जागा माहीत. मी त्यांना अंगणात बसवलं, टोमॅटोची कोशिंबीर आणि घरी गाळलेली आलुबुखाराची रकिया दिली. ते मला तारांगणाबद्दल सांगू लागले. खुर्च्या मागे झुकतात. बटण दाबलं की चंद्र उगवतो. डास नाहीत, थंडी नाही, ढग तर नाहीतच. मी म्हटलं, लाचेझारला हे सगळं फार आवडेल, आणि मनात म्हटलं, तो पहिल्या दिवशी विचारेल की घुबड कुठल्या बटणावर आहे. दुसरा पेला झाला. उन्हं कलली. घराखालून नातवंडं आणि आज्या कुरणाकडे निघालेल्या दिसल्या. लाचोचा पत्ता नाही. शेवटी मी पातातनिक, बानित्सा, दही, काटे सगळं टोपलीत भरलं आणि म्हटलं, साहेब, आपणच जाऊ.

पातळ तळाच्या बुटांनी तो चढ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, मागे तुम्हीच तिथे बसून घसरत खाली आला होता. मधेच मानोलआबांचा कुत्रा आडवा आला. तो चावत नाही, फक्त पाहुण्याला हुंगून पूर्ण समाधान होईपर्यंत पुढे जाऊ देत नाही, आणि साहेबांच्या अत्तराने त्याचं समाधान होईना. साहेब हात वर करून उभे आणि मी टोपली डोक्यावर धरून कुत्र्याला समजावतेय, अशा थाटात आम्ही कोठाराशी पोचलो.

आत तुमचा भाऊ शिडीच्या मधल्या पायरीवर बसला होता. सूटच्या जाकिटाची सगळी बटणं लावलेली, आणि गळ्याशी, जिथे टाय असायला हवा, तिथे एका मांजरीचं डोकं. मानोलआबांची मांजर. तिला घरट्याचा पत्ता लागला होता. हा तिला खाली सोडी, ती शिडी चढे. बाहेर नेऊन सोडी, ती फटीतून आत. मानोलआबा तिला कोंडायला तयार नव्हते ("मांजर आहे ती, चोर नाही"). तेव्हा हा दुपारपासून तिला छातीशी धरून बसला होता. माझी इस्त्री, वन्सं.

साहेबांनी हात पुढे केला. लाचोने हात द्यायला बटणांवरची पकड सैल केली, मांजरीने साहेबांच्या मनगटावर एक रेघ ओढली, आणि तुमच्या शहरातल्या नोकरीसाठी आमच्या माणसाने उच्चारलेले पहिले शब्द होते, "हळू बोला." मग त्याने त्यांना शिडीवर जागा दिली. साहेब वर चढले, नळीच्या तोंडात डोकावले, आणि त्याच क्षणी चोचीत किडा धरून घरी परतलेली आई त्यांच्या विंचरलेल्या केसांवर उतरली. मी डोळे मिटले. माझ्या मनात समुद्र, खालचा मजला, तुमच्या अंगणातलं अंजिराचं झाड, सगळं ओहोटीला लागलं. डोळे उघडले तेव्हा साहेब हललेही नव्हते. ती त्यांच्या डोक्यावरून आत गेली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा डोक्यावर बसली. साहेब ओठ न हलवता कुजबुजले, "अजून किती वेळ असं उभं राहू?" लाचो म्हणाला, "तुम्हाला जमेल तितका. तिची सोय होते."

बाहेर अंधारायला लागलं होतं. कुरणात मुलं गवतावर लोळत होती आणि आज्या विचारत होत्या, मास्तर येणार का, नाहीतर आम्ही घरी जाऊन भेंडी चिरतो. लाचो शिडीवरून मला म्हणाला, "नेवेना, तू सुरू कर ना. आबा दूध काढून आले की मी मांजर त्यांना देऊन येतो." मी म्हटलं, मी? मी गोळ्या मोजणारी बाई. तो म्हणाला, "मग तारे मोज." अंधारात कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, म्हणून मी गेले, नाहीतर मुळीच गेले नसते.

आणि करणार काय? मला जे येतं ते सांगितलं. आपल्या धुराड्याच्या बरोबर वर उन्हाळ्यात जो निळसर, लखलखीत तारा येतो तो वेगा, हे मला माहीत आहे, कारण मी धुणं वाळत टाकताना हा रोज सांगतो. गाड्याच्या, म्हणजे सप्तर्षींच्या, दांडीची वळणदार रेघ तशीच पुढे ओढली की एक नारिंगी तारा लागतो, त्याला आम्ही घरात मानोल म्हणतो, कारण तो त्यांच्या छपरामागे मावळतो (खरं नाव स्वाती, पण ते मुलांना सांगायला मी विसरले, त्यामुळे शहरातली निम्मी मुलं आता मानोल नावाचा तारा शिकून परत जातील). देवळाच्या वर दक्षिणेकडे जो लालसर आहे तो मी, सिगारेट सोडली असं बायकोला सांगून मागच्या दाराशी ओढत बसलेल्या नवऱ्याच्या सिगारेटचं टोक, असा दाखवला. आज्यांना लगेच सापडला. मग आकाशगंगा. व्याह्याच्या गंजीतला पेंढा चोरून नेताना पोतं फाटलं आणि सगळ्या वाटेभर पेंढा सांडत गेला, ही गोष्ट तुमच्या आईंनी मला सांगितली होती, तीच सांगितली. एका मुलीने विचारलं, मग तो चोर सापडला का? मी म्हटलं, बघ की, वाट अजून दिसते आहे, जा शोधत.

साहेब एव्हाना लिननच्या जाकिटासकट गवतावर आडवे झाले होते. मला वाटलं झोपले. मग हळूच, लग्नात न बोलावलेली माणसं पंगतीत बघून यजमान विचारतो तशा आवाजात, म्हणाले, "पण बाई, हे इतके का आहेत?" त्यांच्या घुमटात म्हणे नेमके हवे तेवढेच असतात, इथे गर्दीत त्यांना ओळखीचे चेहरे सापडेनात. शहराबाहेर अंधारात ते किती वर्षांत आले नव्हते त्यांनाच आठवेना. मी त्यांच्या हातात पातातनिकची ताटली दिली. त्यांनी वर बघत बघतच सगळी संपवली आणि ताटली पुन्हा पुढे केली, तीही वर बघतच, त्यामुळे दह्याचा एक थेंब जाकिटावर गेला तो त्यांना अजूनही माहीत नसेल. मग विचारलं, "तुम्ही किती वर्षं शिकवताय?" वन्सं, मला राग यायला हवा होता. मी म्हटलं, मी शिकवत नाही, माझं लग्न झालंय.

मग लाचो आला. मांजर आबांकडे, सूटवर केस, गळ्यावर ओरखडे. त्याने एकाही ताऱ्याचं नाव सांगितलं नाही. सगळ्यांना पाठीवर झोपायला लावलं, आज्यांनासुद्धा, आणि म्हणाला, आता असं समजा की आपण वर बघत नाही, खाली बघतोय. पृथ्वी आपल्या पाठीला आहे आणि तिने आपल्याला धरून ठेवलंय, आणि ते सगळं खाली आहे, खोल. रातकिडे तेवढे होते. आणि मग मला अंधारात सगळीकडून बारीक आवाज आला, काहीतरी खुडल्यासारखा. सगळेजण मुठीत गवत धरत होते. आज्यांनी, मुलांनी, साहेबांनी. मीही. (मी टोपलीची कडी धरली होती, पण ती काही पृथ्वीला बांधलेली नव्हती, म्हणून मग गवत.)

झालं. खाली उतरताना साहेब तुमच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, सप्टेंबरपासून या, कागदपत्रांचं मी बघतो, मला असाच माणूस हवा. मी मागून येत होते. मला वाटलं हा म्हणेल, विचार करून सांगतो. घुबडांना विचारून सांगतो. हा लगेच म्हणाला, "येतो." एका शब्दात. पुढे साहेबांना खड्डा दाखवला आणि स्वतः त्यात पडला.

तेव्हा अभिनंदन, वन्सं, तुमची खटपट फळाला आली. मला आनंद झाला. झालाच. लग्नापासून मी समुद्र समुद्र करतेय, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? घरी येऊन मी काटे घासले, मग तेच काटे पुन्हा घासले. लाचो अंगणात बाकावर बसला होता. मी म्हटलं, खूश ना? तो म्हणाला, तू खूश ना? मी म्हटलं, हो तर. तो म्हणाला, मग झालं.

काल मानोलआबा झाकण परत करायला आले. (नवं पिंप घेतलंय, त्याला हे बसत नाही.) दारात उभे राहून म्हणाले, "मास्तर म्हणत होता, तिने माझ्यासाठी इतकी वर्षं डोंगरात काढली, आता मी तिच्यासाठी समुद्राकाठी काढीन. तिथे म्हणे रात्री सगळं आभाळ नारिंगी असतं. पण काढीन म्हणतो." आबांनी टोपी मागे सारली. "पोरी, तुला पोहता येतं का?"

"नाही."

"मासे आवडतात?"

"काटे असतात."

"बरं," म्हणाले, आणि मेंढ्यांमागे गेले.

तर अशी ही हकीकत. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते सख्खी बहीणही करत नाही (तुम्ही त्याची सख्खी बहीण आहात हे लक्षात आहे, माझ्या बाजूने बोलतेय). गुडघ्यांना जपा, वाऱ्यात बसू नका, मुरांबा टाकून द्या. इथल्या डोंगराकडून आणि आमच्या दोघांकडून तुम्हाला भरभरून प्रेम.

तुमची,
नेवेना

ता. क. खालच्या मजल्याच्या पडद्यांची मापं तुम्ही मागितली होतीत. ती पाठवत नाही. वन्सं, तो मजला कुणाला तरी देऊन टाका. खरोखर द्यायला कुणी नसेल तर दिला असं सांगा. तुमच्या यजमानांकडचा एखादा पुतण्या काढा, नुकतं लग्न झालेला, बायकोला दिवस गेलेले, म्हणजे लाचो त्याला हलवा असं म्हणणार नाही. बिऱ्हाड म्हटलं की तो मऊ होतो हे तुम्ही वर वाचलंतच. आणि करास्तोयानोव साहेबांना एवढं सांगा, की माणूस तिकडे नेण्यापेक्षा उन्हाळ्यात त्यांनी आपली माणसं इकडे पाठवावीत. जाड तळाचे बूट घालून. पातातनिक मी करीन.

मी स्वतः त्याला का सांगत नाही, असं तुम्ही विचाराल. सांगितलं तर तो विचारेल, का? मग मला सांगावं लागेल. मागच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे असताना एका संध्याकाळी मी धुणं काढायला गच्चीवर गेले, आणि हात दोरीवर असतानाच मान वर गेली, धुराड्याच्या वर, सवयीने. तिथे काही नव्हतं. मी सगळं धुणं खांद्यावर घेऊन उभी राहिले आणि शोधत राहिले, जसं बाजारात हात सुटलेलं मूल शोधावं. तुम्ही खालून हाक मारलीत तेव्हा मी चिमटे सापडत नाहीत म्हणाले. हे मी त्याला सांगितलं तर पुढचा सगळा जन्म तो ते मनात धरून हसत बसेल. आणि समुद्र मागणंही मग बंद करावं लागेल, ज्याची मला चांगलीच मजा येते.

ता. क. २. फोन करू नका. तुम्हाला खोटं बोलताना हसू येतं आणि त्याला ते लहानपणापासून ओळखता येतं. पत्र लिहा. लिहिलेलं तो सगळं खरं मानतो.

ता. क. ३. आत्ता तो अंगणातून हाका मारतोय. चंद्राच्या शेजारी काहीतरी येऊन बसलंय म्हणे, लवकर ये, छपरामागे जाईल. मी भांडी घासतेय असं ओरडून सांगितलंय. जरा थांबून जाते. लगेच गेलं की त्याला सवय लागते.